कापडावर चंदेरी टवके कसे उडतील?

नमस्कार. एवढी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल आधी आभार. जुन्या प्लॅस्टिक किटमधून केलेलं माझं १/७२ चं (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं) हरिकेन, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाचं मॉडेल, तुम्हाला 'कालच कारखान्यातून आल्यासारखं' वाटलं. कॉकपिटच्या मागे चिपिंग (रंग उडून उघड्या पडलेल्या धातूचे चंदेरी टवके) नाही, प्रोपेलरची पाती कोरी करकरीत आणि उठावाच्या पॅनेल लाइन्स (पत्र्यांचे जोड दाखवणाऱ्या रेघा) घासून नव्याने कोरल्या नाहीत, असे तुमचे तीन आक्षेप. तिसरा आवडीनिवडीचा आहे, त्याकडे नंतर येतो. पहिले दोन मात्र मला मुळीच मान्य नाहीत.

हरिकेनच्या कॉकपिटमागे पत्रा नाहीच. आत धातूच्या नळ्यांचा सांगाडा, त्याभोवती लाकडी फ्रेम आणि लांब पट्ट्या, त्यावर ताणून बसवलेलं, डोप (कापड ताठ करणारं वॉर्निश) दिलेलं कापड. किटमध्ये शेपटीकडे ज्या लांबट रेघा उठून दिसतात, त्या याच पट्ट्यांच्या. तिथे स्पंजाने चंदेरी ठिपके मारले तर फोटोत झकास दिसतील, पण मग ते विमान हरिकेन राहणार नाही. कापड मळतं, त्याचा रंग उन्हाने विटतो, त्याला ठिगळं लागतात. म्हणून त्या भागावर मूळ रंगात किंचित पांढरा मिसळून पट्ट्यांच्या मधे अगदी पातळ फवारा दिलाय. रडर, एलेव्हेटर आणि एलेरॉन (शेपटीचे आणि पंखांचे हलते भाग) हेही कापडाचेच, तिथेही तोच हिशोब.

पात्यांचंही तसंच. मी रोटोल कंपनीचा प्रोपेलर बसवलाय आणि त्याची पाती बहुतेकदा लाकडाची असत. डी हॅविलंडचा प्रोपेलर असता, तर धातूच्या पात्यांच्या कडा मीही चंदेरी केल्या असत्या.

पंखांच्या बाबतीत जरा जपून बोलावं लागतं. सुरुवातीच्या हरिकेनचे पंखसुद्धा कापडाचे होते. पत्र्याचे पंख १९३९ पासून येऊ लागले. माझं विमान १९४० च्या उन्हाळ्यातलं, पत्र्याच्या पंखांचं, त्यामुळे चिपिंग आहे ते फक्त तिथे आणि इंजिनाच्या झाकणांवर. पंखाच्या मुळाशी बघा, डावीकडे जास्त दिसेल, कारण पायलट डाव्या बाजूने चढायचा. उजवीकडेही थोडं आहे. मुख्य इंधनटाक्या पंखांच्या मुळातच असल्याने भरणाऱ्यांचे बूट दोन्हीकडे पडायचे. ठिपके बारीक ठेवले, कारण मॉडेलवरचा अर्ध्या मिलिमीटरचा टवका म्हणजे खऱ्या विमानावर ३६ मिलिमीटर, चांगला दोन बोटं रुंद.

आणि हो, विमान 'स्वच्छ' नाहीये. जरा उलटं करून काढलेला फोटो पुन्हा पाहा. बंदुकांच्या तोंडांवर लाल डोपच्या कापडी पट्ट्या चिकटवलेल्या असत, आत गारठा आणि धूळ जाऊ नये म्हणून. गोळीबार झाला की त्या फाटायच्या. माझ्या विमानाच्या डाव्या पंखावरच्या पट्ट्या फाटलेल्या आहेत आणि त्यांच्यामागे खालच्या बाजूला काजळी आहे. एक्झॉस्टमागचा डाग खडूच्या भुकटीचा, चाकांना गवती धावपट्टीचा चिखल. त्या वर्षी कित्येक विमानं काही आठवड्यांतच पडली. रंग जुना व्हायला त्यांना सवडच कुठे मिळाली? मळ मात्र एका दिवसात बसतो. वाळवंटातलं हरिकेन केलं असतं तर मामला वेगळा होता.

आता पॅनेल लाइन्स. उठावाची रेघ चूक, हे कबूलच. पण कोरलेली तरी कुठे बरोबर असते? आपल्या हाताने कोरलेली रेघ ०.१५ मिलिमीटरच्या आसपास जाते, म्हणजे खऱ्या पत्र्यांमध्ये जवळपास ११ मिलिमीटरची फट! अशा फटीचं विमान कोणी उडवलं नसतं. नव्या किटमध्ये मी खोल रेघा मुकाट्याने चालवून घेतो, पण जुन्या किटची उठावाची रेघ ही त्या काळच्या साच्याची सही आहे, ती पुसायला माझा हात धजत नाही. जोड घासताना ज्या रेघा गेल्या, त्या परत आणल्यात. स्प्रूचा (किटचे भाग ज्या प्लॅस्टिकच्या काडीला जोडलेले येतात तिचा) तुकडा मेणबत्तीच्या ज्योतीजवळ फिरवायचा, मऊ पडला की ज्योतीपासून दूर नेऊन दोन्ही हातांनी ओढायचा. घाईने ओढला तर केसासारखा तंतू निघतो, सावकाश ओढला तर जाड राहतो. तो जागेवर धरून ब्रशच्या टोकाने पातळ सिमेंट (प्लॅस्टिक विरघळवून चिकटवणारा द्रव) नुसतं टेकवायचं. जास्त झालं की तंतू विरघळलाच. मग वॉशऐवजी (रेघा उठून दिसाव्यात म्हणून सोडायच्या पातळ रंगाऐवजी) रेघेवरून मऊ पेन्सिल आडवी फिरवली, कारण उठावाच्या रेघेवर वॉश दोन्ही बाजूंना साचतो आणि एकाच्या दोन रेघा दिसतात. तुम्हाला कोरायचंच असेल तर खुशाल कोरा, त्यावर माझं भांडण नाही.

डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चिन्हं) पिवळे कसे नाहीत, असंही विचारलंत. होते, चांगलेच. अख्खा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खिडकीच्या काचेला आतून चिकटवला, छपाईची बाजू उन्हाकडे. पिवळेपणा हळूहळू उतरतो. पाण्यात बुडवण्याआधी मात्र वॉर्निशचा एक हात द्या, नाहीतर जुन्या डिकलचे पाण्यात तुकडे होतात. आणि वॉर्निशचा थर सगळ्या कागदावर सलग बसत असल्याने प्रत्येक चिन्ह कडेलगत कापून घ्यायला विसरू नका.