पहिल्या रेकॉर्डवर ‘अग्निमीळे’ नव्हतं

दर काही महिन्यांनी एक मेसेज घरच्या, सोसायटीच्या, शाळेतल्या जुन्या मित्रांच्या ग्रुपवर फिरून येतो. एडिसनने ग्रामोफोन शोधला. पहिला आवाज कुणातरी थोर विद्वानाचा असावा म्हणून त्याने ऋग्वेद संपादणाऱ्या मॅक्स म्युलर या प्राध्यापकाला पत्र लिहिलं आणि जहाजाने इंग्लंड गाठलं. युरोपभरच्या विद्वानांच्या सभेत म्युलर सकाळी यंत्रासमोर काहीतरी बोलला. एडिसन प्रयोगशाळेत गेला आणि दुपारी तबकडी घेऊन परत आला. तबकडी वाजली, टाळ्या पडल्या, पण भाषा एकालाही कळली नाही. मग म्युलरने उलगडा केला: ही संस्कृत, ही ऋग्वेदाची पहिली ऋचा, ‘अग्निमीळे पुरोहितम्’. सगळ्याला आधार म्हणून एचएमव्ही या रेकॉर्ड कंपनीने कधीकाळी काढलेल्या पुस्तिकेचं नाव असतं.

पाठवणाऱ्यांच्या भावनेबद्दल मला आदर आहे. मजकूर मात्र खोटा आहे, आणि एकेका वाक्याला धरून तो तपासता येतो.

आधी यंत्र. एडिसनने 1877 साली अमेरिकेत न्यू जर्सीतल्या मेन्लो पार्कला जे बनवलं ते फोनोग्राफ. त्याला तबकडी नव्हतीच. आटे पाडलेल्या पितळी नळकांड्यावर कथलाचा पातळ पत्रा गुंडाळायचा, हँडल फिरवत कर्ण्यात बोलायचं, आणि सुई त्या पत्र्यावर खड्डे उमटवत जायची. त्यावर एडिसन स्वतःच पहिल्यांदा बोलला. शब्द होते ‘मेरी हॅड अ लिटल लँब’, म्हणजे शाळकरी पोरांचं बडबडगीत. हे त्याने स्वतः वारंवार सांगितलं आणि 1927 साली, शोधाला पन्नास वर्षं झाली तेव्हा, त्याच ओळी पुन्हा म्हणून मुद्रितही केल्या. मूळ पत्रा टिकला नाही. तो काही वेळा वाजवला की झिजायचाच.

तबकडी आणि ‘ग्रामोफोन’ हे नाव, दोन्ही एमिल बर्लिनरची. हा जर्मनीतल्या हॅनोव्हरचा, अमेरिकेत स्थायिक झालेला. त्याचं पेटंट 1887 सालचं. एडिसन त्यानंतरही वर्षानुवर्षं नळकांड्यांनाच धरून राहिला आणि त्याच्या कंपनीच्या तबकड्या थेट 1912 साली बाजारात आल्या. म्युलर तर 1900 सालीच वारला होता. एडिसनच्या तबकडीवर त्याचा आवाज येणार कुठून?

आणि ‘जगातला पहिला’ म्हणायचं तर एडिसनचाही नंबर लागत नाही. पॅरिसच्या लेओं स्कॉट द मार्तिनविलने 1857 साली काजळी धरलेल्या कागदावर आवाजाच्या रेषा उमटवणारं यंत्र केलं होतं. ते आवाज परत ऐकवू शकत नव्हतं, पण 1860 सालच्या त्याच्या एका कागदावरून 2008 साली संगणकाने एका फ्रेंच लोकगीताची ओळ वाजवून दाखवली.

सकाळी ध्वनिमुद्रण आणि दुपारी तबकडी, हा तपशील ज्याने लिहिला त्याने फोनोग्राफ पाहिलेला नव्हता हे नक्की. सुई मागे नेऊन हँडल पुन्हा फिरवलं की बोललेलं तिथल्या तिथे ऐकू येई; लोक थक्क होत ते त्यामुळेच. प्रयोगशाळेत जायची गरज नव्हती, आणि जायचं म्हटलं तर ती अटलांटिकपलीकडे होती. 1888 पासून लंडनमध्ये एडिसनच्या फोनोग्राफचं काम कर्नल गोरो हा त्याचा प्रतिनिधी पाहत असे. मेणाच्या नळकांड्यांवर नामवंतांचे आवाज घेण्याचा उपक्रम त्याच काळातला, आणि ते आवाज आजही ऐकता येतात. 1889 साली कवी ब्राउनिंग स्वतःचीच कविता म्हणता म्हणता ओळी विसरतो आणि माफी मागतो. 1890 साली फ्लॉरेन्स नाइटिंगेल बोलते, टेनिसन कविता म्हणतो. खऱ्या घटनांच्या अशा तारखा असतात. मेसेजमधल्या त्या भव्य सभेला ना तारीख, ना गाव, ना सभागृह.

मला सर्वांत जास्त खटकतो तो पुढचा भाग: युरोपातल्या विद्वानांच्या कानावर संस्कृत कधी पडलीच नव्हती, हा. संस्कृतचा मान वाढवायला निघालेला मेसेज इथे संस्कृतच्याच इतिहासावर बोळा फिरवतो. विल्किन्सचं गीतेचं इंग्रजी भाषांतर 1785 सालचं. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचं मूळ एकच असावं, हे विल्यम जोन्सने कोलकात्यात मांडलं ते 1786 साली. बॉन विद्यापीठात श्लेगेल 1818 पासून होता आणि तिथे त्याने संस्कृत शिकवली. ऑक्सफर्डला संस्कृतचं बोडेन अध्यासन 1832 पासून होतं. 1860 साली त्या जागेसाठी खुद्द म्युलर उभा राहिला आणि मोनिअर विल्यम्सकडून हरला. म्हणजे इंग्लंडात संस्कृतच्या प्राध्यापकपदासाठी चुरशीची निवडणूक होत होती! सायणभाष्यासह ऋग्वेदाचे म्युलरने संपादलेले सहा खंड 1849 ते 1874 या काळात निघाले. ब्योटलिंक आणि रोट यांचा संस्कृत-जर्मन महाकोश 1875 साली पुरा झाला. प्राच्यविद्या परिषद लंडनला 1874 आणि 1892 साली भरली. असल्या जाणकारांसमोर ‘अग्निमीळे’ म्हटलं असतं तर निम्मे श्रोते पुढची ओळ म्हणाले असते.

राहिली एचएमव्हीची पुस्तिका. ती कुणी दाखवलेली मला आढळली नाही, पण दुसरी गोष्ट जास्त बोलकी आहे. एचएमव्ही ही छाप जिची, ती ग्रामोफोन कंपनी 1898 साली लंडनला सुरू झाली ती बर्लिनरच्या तंत्रावर, एडिसनची प्रतिस्पर्धी म्हणून. कर्ण्याशी कान लावून बसलेल्या निपर कुत्र्याचं चित्र फ्रान्सिस बॅरोडने आधी एडिसनच्या पद्धतीचा नळकांडीवाला फोनोग्राफ घालून काढलं होतं. 1899 साली कंपनीने ते विकत घेतलं ते या अटीवर, की फोनोग्राफवर रंग चढवून तिथे आमचा तबकडीचा ग्रामोफोन काढून द्या. आपल्या चित्रात एडिसनचं यंत्रसुद्धा न खपणारी कंपनी तबकडीचं श्रेय एडिसनला कशाला देईल?

एवढ्यावर कुणी म्हणतं, असेल खोटं, पण वेदांचा गौरव होतो ना? मला हे पटत नाही. वेद टिकले ते घोकून, आणि तेही भाबडेपणाने नाही. जटापाठ या पठणपद्धतीत ‘अग्निम् ईळे, ईळे अग्निम्, अग्निम् ईळे’ असं पदांची जोडी सुलट, उलट, पुन्हा सुलट म्हणत पुढे जातात. एखादं पद गळलं वा बदललं तर ते लगेच उघडं पडतं. त्यावर घनपाठ आणखी अवघड. वर्षानुवर्षं ही साधना करणाऱ्या घनपाठींचं नाव मेसेजमध्ये कुठेच नाही. मान जातो तो भारतात कधीही न आलेल्या एका प्राध्यापकाला. आणि खरंखुरं ध्वनिमुद्रण हवंच असेल तर तेही आहे. व्हिएन्नाच्या ध्वनिसंग्रहालयासाठी फेलिक्स एक्सनर याने 1904-05 साली भारतात येऊन संस्कृत पठण मुद्रित केलं. ते जपून ठेवलेलं आहे.

आपल्या गाण्याचा इतिहासही या गोष्टीखाली झाकला जातो. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गाइसबर्ग 1902 साली कोलकात्याला उतरला. तिथे त्याने पहिल्यांदा मुद्रित केल्या त्या शशीमुखी आणि फणीबाला या रंगभूमीवरच्या मुली, आणि काही दिवसांत नामवंत गायिका गौहर जान. तेव्हा माइक नव्हता. कर्ण्यात तोंड घालून, दोन-तीन मिनिटांत ख्याल बसवून गायचं. रेकॉर्डच्या शेवटी गौहर ठणकावून सांगते, ‘माय नेम इज गौहर जान’, कारण तबकड्या छापायला बर्लिनरच्याच हॅनोव्हरला जात आणि तिथल्या कामगारांना कोणता आवाज कुणाचा हे कळायला हवं. समाजाने घराबाहेर ठेवलेल्या या बायकांनी नव्या यंत्राला पहिला आवाज दिला, जेव्हा कित्येक उस्ताद-बुवा त्याच्यापासून लांब राहिले. अब्दुल करीमखाँसाहेब सुरुवातीच्याच काळात गायले म्हणून त्यांचा तरुण आवाज आपल्याकडे आहे. गायक-नट भाऊराव कोल्हटकर गाइसबर्ग येण्याआधी, 1901 सालीच गेले. भास्करबुवा बखले 1922 पर्यंत होते, पण त्यांचं गाणं आपल्याला फक्त लोकांच्या आठवणींतून माहीत आहे.

हे सगळं सिद्ध होतं ते जुन्या रेकॉर्डींवरूनच. घरात माळ्यावर अशा तबकड्या असतील तर भंगारात देण्याआधी लेबलाचा आणि लेबलाजवळच्या गुळगुळीत पट्टीत कोरलेल्या क्रमांकाचा स्वच्छ फोटो काढा आणि एखाद्या जाणत्या संग्राहकाला दाखवा. त्या क्रमांकावरून मुद्रण साधारण कधीचं आणि कुठलं, हे बहुतेक वेळा काढता येतं. ग्रुपवर टाकायचा असेल तर तो फोटो टाका.