कसाबला चार वर्षं लागली, मग खालिद शेखला किती?

तो मेसेज परत फिरायला लागलाय, तुमच्याकडेही आला असेलच. वर कसाबचा सीएसटीवरचा फोटो, खाली तिरंगा, आणि मधे मजकूर असा की आपण कसाबला वकील दिला, चार वर्षं बिर्याणी घातली, आणि अमेरिका बघा, युद्धात पकडलेल्यांना ना वकील ना कोर्ट, थेट ग्वांतानामो (क्युबातला अमेरिकेचा लष्करी तुरुंग), मिलिटरी ट्रायब्युनल (लष्करी कोर्ट), विषय संपला. आमच्या फॅमिली ग्रुपवर मामांनी टाकला, मावशीने टाकला, मग मामांनीच परत टाकला. मामांशी फोनवर वाद घालण्यात अर्थ नसतो म्हणून लिहूनच काढतो. मेसेजमधलं एकेक वाक्य घेऊ.

"जिनिव्हा करार युनिफॉर्मवाल्या सैनिकांसाठी असतो, अतिरेक्यांना तो लागूच नाही."

अर्धं बरोबर आहे. १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा करारात युद्धकैदी कोणाला म्हणायचं ते कलम ४ मधे दिलंय, आणि सैन्याबाहेरच्या सशस्त्र गटांसाठी तिथे अटी आहेत, लांबून ओळखू येईल अशी खूण पाहिजे, शस्त्रं उघड बाळगायला पाहिजेत वगैरे. पण मेसेजवाल्याने पुढचंच कलम वाचलं नाही. कलम ५ म्हणतं की शंका असेल तर सक्षम ट्रायब्युनल ठरवेपर्यंत त्या माणसाला युद्धकैद्यासारखंच वागवायचं, म्हणजे पकडणाऱ्याने आपल्या मनाशी ठरवून टाकलं असं चालत नाही. आणि हे काही पुस्तकी नाही हां, १९९१ च्या आखाती युद्धात याच अमेरिकन सैन्याने अशा हजारावर सुनावण्या घेतल्या होत्या आणि त्यात बहुतेक लोक युद्धकैदी नव्हे तर साधे नागरिक निघाले. २००२ मधे बुश सरकारने ही पायरीच गाळली, सरसकट सगळे बेकायदा लढवय्ये, संपलं.

शिवाय चारही जिनिव्हा करारांत एक सामाईक कलम ३ आहे, ते युनिफॉर्म विचारत नाही. छळ करायचा नाही, आणि शिक्षा द्यायची तर रीतसर स्थापन झालेल्या कोर्टानेच द्यायची. २००६ मधे सलीम हमदान, म्हणजे बिन लादेनचा ड्रायव्हर, त्याच्या केसमधे अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ३ मतांनी सांगितलं की हे कलम ग्वांतानामोतल्या कैद्यांनाही लागू आहे आणि बुशनी नोव्हेंबर २००१ च्या आदेशाने उभी केलेली मिलिटरी कमिशन्स, म्हणजे ती लष्करी कोर्टं, बेकायदा आहेत. त्या कमिशनच्या नियमात आरोपीला स्वतःच्याच खटल्यातून बाहेर बसवायची सोय होती! काय पुरावा आला ते त्याला कळणारच नाही.

"ग्वांतानामोत होते ते सगळे कट्टर अतिरेकी, रणांगणावर पकडलेले."

११ जानेवारी २००२ ला पहिले २० जण तिथे उतरवले आणि एकूण साधारण ७८० जण आजवर तिथे राहून गेले. त्यातल्या ५०० हून जास्त लोकांना खुद्द बुश सरकारनेच सोडलं किंवा दुसऱ्या देशांकडे पाठवलं, ओबामा नंतर आले. कारण उघड होतं, खूप जणांना अमेरिकन सैन्याने पकडलेलंच नव्हतं, पाकिस्तानने आणि अफगाण टोळीवाल्यांनी आणून दिले होते, आणि वरून विमानातून बक्षिसाची पत्रकं पडत होती. गावात जुनं भांडण असेल तर शेजाऱ्याचं नाव सांगून पैसे मिळवायला माणसाला कितीसा वेळ लागतो. चीनमधल्या उइघुर मुसलमानांचे २२ जण तिथे अडकले होते, ते शत्रूचे लढवय्ये नाहीत हे अमेरिकन सरकारनेच मान्य केलं तरी शेवटचे तिघं बाहेर पडायला डिसेंबर २०१३ उजाडला. आणि लखदर बूमेदियन तर बोस्नियात पकडलेला, तिथल्या कोर्टाने सोडून दिलेला, तिथून उचलून नेला. त्याच्याच नावाने २००८ चा निकाल आहे की ग्वांतानामोतल्या कैद्यालाही 'मला का धरलंय' असं न्यायाधीशाला विचारायचा हक्क आहे, तोही घटनेने. मग न्यायाधीशाने कागद मागवून बघितले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमधे त्याला सोडायचा हुकूम दिला. सात वर्षं गेली.

"युद्ध चालू असेपर्यंत खटल्याशिवाय डांबून ठेवता येतं."

हो, येतं. इथे मेसेज बरोबर आहे. युद्धकैदी हा गुन्हेगार नसतोच, तो परत बंदूक घेऊन उभा राहू नये एवढ्याचसाठी त्याला ठेवायचं असतं, आणि प्रत्यक्ष लढाई संपली की सोडायचं. १९७१ मधे आपल्याकडे ९३ हजारांच्या आसपास पाकिस्तानी होते, आपण त्यांच्यावर लढल्याबद्दल खटले नाही भरले, आणि एप्रिल १९७४ पर्यंत ते सगळे परत गेले, त्यांचा सेनापती नियाझीसकट. (ज्या १९५ जणांवर बांगलादेश युद्धगुन्ह्यांचे खटले चालवणार होता तेही सुटले, ते योग्य होतं का हा वेगळा वाद आहे आणि मला विचाराल तर नव्हतं.) पण तिथे युद्ध १३ दिवसांचं होतं, संपलं ते सगळ्यांना कळलं. दहशतवादाविरुद्धचं युद्ध कधी संपणार, शरणागतीच्या कागदावर सही कोण करणार? म्हणून तर २००४ मधे हमदी नावाच्या दुसऱ्या एका कैद्याच्या केसमधे अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने डांबून ठेवायचा अधिकार मान्य केला आणि त्याच निकालात सांगितलं की युद्ध आहे म्हणून राष्ट्राध्यक्षाला कोरा चेक मिळत नाही.

"मिलिटरी ट्रायब्युनलमधे झटपट निकाल लागतो."

आता हे. मला सगळ्यात जास्त राग याचाच येतो कारण हे तपासायला अर्धा तास पुरतो.

कसाब २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री जिवंत सापडला. फेब्रुवारी २००९ मधे चार्जशीट, आर्थर रोडला खास कोर्ट, न्यायाधीश ताहिलियानी, ३ मे २०१० ला दोषी, ६ मे ला फाशी. फेब्रुवारी २०११ मधे हायकोर्ट, ऑगस्ट २०१२ मधे सुप्रीम कोर्ट, आणि २१ नोव्हेंबर २०१२ ला सकाळी येरवड्यात फाशी. पाच दिवस कमी चार वर्षं.

खालिद शेख मोहम्मद, ९/११ चा सूत्रधार, १ मार्च २००३ ला रावळपिंडीत पकडला. २००८ मधे मिलिटरी कमिशनपुढे उभा केला, मग ठरलं न्यूयॉर्कच्या साध्या कोर्टात चालवू, मग राजकारण पेटलं आणि ते रद्द, मे २०१२ मधे परत पहिल्यापासून आरोप वाचले. जुलै २०२४ मधे गुन्हा कबूल करून जन्मठेप घ्यायचा करार झाला, दोनच दिवसांत संरक्षणमंत्र्यांनी तो मागे घेतला, आणि जुलै २०२५ मधे अपील कोर्टानेही तो उडवला. मुख्य खटला अजून उभाच राहिलेला नाही. बावीस वर्षं होऊन गेली की हो.

का अडलं? वकिलांनी तारखा मागितल्या एवढंच कारण नाहीये. सीआयएने त्याला गुप्त तुरुंगात ठेवून एकाच महिन्यात १८३ वेळा वॉटरबोर्डिंग केलं, म्हणजे तोंडावर कापड टाकून पाणी ओतायचं, माणसाला बुडतोय असं वाटतं. आता त्यानंतर त्याने जे कबूल केलं ते पुरावा म्हणून चालेल का, या एका प्रश्नावर वर्षानुवर्षं सुनावण्या चालल्यात. त्यात कायदाही नवा, नियमही नवे, २००६ चा एक, तो बदलून २००९ चा दुसरा, प्रत्येक मुद्द्यावर पहिल्यांदाच भांडायचं. आपल्याकडे पुरावा कायदा १८७२ चा होता, जुना पण रुळलेला, प्रत्येक कलमावर शंभर निकाल पडलेले.

२०१४ पर्यंत मिलिटरी कमिशनने दोषी किती जणांना ठरवलं माहितीये? आठ. त्यातले सहा जण तर गुन्हा कबूल करूनच मोकळे झाले. आणि आठातले काही निकाल वरच्या कोर्टात टिकलेच नाहीत, त्या हमदान ड्रायव्हरला साडेपाच वर्षांची शिक्षा झाली, बराचसा काळ आधीच भोगून झालेला, काही महिन्यांत येमेनला घरी, आणि २०१२ मधे ती शिक्षाही रद्द, का तर त्याने जे केलं ते तेव्हा युद्धगुन्हा या सदरात बसतच नव्हतं. उलट साध्या फेडरल कोर्टात ९/११ च्या कटातल्या मुसावीला २००६ मधे जन्मठेप, आफ्रिकेतल्या दूतावासांच्या स्फोटातला घैलानी ग्वांतानामोतून न्यूयॉर्कला आणला आणि दीड-पावणेदोन वर्षांत जन्मठेप. त्याच्यावरच्या २८५ आरोपांपैकी एकच सिद्ध झाला म्हणून तिथेही बोंबाबोंब झाली होती, पण माणूस आत आहे ना.

अजून एक, कसाबच्याच खटल्यात दोन भारतीय सहआरोपी होते, नकाशे पुरवल्याचा आरोप, आणि ते दोघं सुटले. मेलेल्या अतिरेक्याच्या खिशातून काढलेल्या नकाशावर रक्ताचा डाग नाही, हे कसं, असं कोर्टाने विचारलं आणि तो निकाल सुप्रीम कोर्टापर्यंत टिकला. त्याच कोर्टाने कसाबला फासावर चढवलंय. वकील दिल्यामुळे कसाब सुटला नाही, त्याची शिक्षा पक्की झाली.

"रूझवेल्टने आठ जर्मन हेर दोन महिन्यांत संपवले, वकील-बिकील काही नाही."

जून १९४२, पाणबुडीतून चौघं लाँग आयलंडला आणि चौघं फ्लोरिडाला उतरले हे खरं, ८ ऑगस्टला सहा जणांना विजेच्या खुर्चीवर बसवलं हेही खरं. पण वकील होते, सैन्याचेच, कर्नल रॉयल, आणि ते राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेले, कोर्ट सुट्टीत असताना खास भरलं. गंमत म्हणजे ते हेर एफबीआयने शोधले नव्हते, त्यांच्यातल्याच एकाने, डाशने, स्वतः फोन करून सगळं सांगितलं होतं, आणि बंद दाराआड खटला चालल्यामुळे ते झाकलं गेलं. कोर्टाने निकालाची कारणं दिली ऑक्टोबरच्या शेवटी, माणसं मेल्यावर जवळजवळ तीन महिन्यांनी.

"मिलिटरी कोर्टावर शंका घेणारे देशद्रोही."

हमदानचा वकील अमेरिकन नौदलाचा अधिकारी होता, चार्ल्स स्विफ्ट. ग्वांतानामोचे मुख्य सरकारी वकील कर्नल मॉरिस डेव्हिस यांनी २००७ मधे राजीनामा दिला, वरून दबाव येतो म्हणून.

आणि एप्रिल २०१७ आठवा. पाकिस्तानच्या मिलिटरी कोर्टाने कुलभूषण जाधवांना फाशी सुनावली तेव्हा याच ग्रुपवर आपण काय लिहीत होतो? आपल्या पसंतीचा वकील नाही, दूतावासाला भेटू दिलं नाही, बंद खोलीत खटला, हे कोर्ट आहे का फार्स. वकील हरीश साळवे एक रुपया फी घेऊन हेगला उभे राहिले, आणि जुलै २०१९ मधे आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सांगितलं की दूतावासाची भेट नाकारून पाकिस्तानने करार मोडलाय, शिक्षेचा फेरविचार करा. मामांनी तेव्हा पेढ्यांचा फोटो टाकला होता, माझ्या फोनमधे अजून आहे.

राहिली बिर्याणी. ती कसाबने मागितलीही नव्हती आणि सरकारने दिलीही नव्हती, त्याच्याबद्दल सहानुभूती तयार व्हायला लागली म्हणून आपणच ती गोष्ट रचली, असं सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनी स्वतः २०१५ मधे जयपूरला सांगून टाकलंय. तेवढी ओळ तरी मेसेजमधून काढा.