‘साधं तांबं लावून 1,400 रुपये उकळले’ या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार सर,

मायक्रोओहममीटर (अगदी बारीक विद्युत रोध मोजणारं यंत्र) घेऊन तुम्हाला मिरजोळ्याला आमच्याकडे दोनदा खेप पडली, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. पुण्याहून माल यायला वेळ लागला, तेवढं खरं.

पण ‘मायक्रोओहममीटरचे चांगले चकचकीत टर्मिनल काढून साधं तांबं बसवलं, रीडिंग तरी हलतंच’ असं चारचौघांत लिहिलंत, ते फार लागलं. रत्नागिरीत या कामाची गिऱ्हाइकं बोटांवर मोजण्याइतकी. ती हे वाचूनच फोन करतात, किंवा करत नाहीत.

ते चकचकीत टर्मिनल पितळेचे होते, वर निकेलचा मुलामा. तांब्याची वायर पितळेला जोडली आणि एक टर्मिनल दुसऱ्यापेक्षा तापलं, की अंशाला साधारण 3 मायक्रोव्होल्ट फुकटचे तयार होतात. घरच्या वायरिंगला त्याचं सुखदुःख नाही. तुम्ही मात्र बसबारचे, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या जाड धातूच्या पट्ट्यांचे जोड मोजता, 100 मायक्रोओहमच्या आसपासचे. 1 अँपिअर सोडला तर हाती येतात 100 मायक्रोव्होल्ट. दोन अंशांच्या फरकात त्यातले 6 खोटे! स्वच्छ तांब्याला तांबं भिडलं तर हेच अंशाला 0.2 च्या आत राहतं.

आणि साधं तांबं कुठलं? आटे नीट पाडता यावेत म्हणून त्यात टेल्युरियम नावाचं मूलद्रव्य थोडं मिसळलेलं असतं. वरून सोन्याचा मुलामा, कारण आपल्या खाऱ्या हवेत उघडं तांबं काळं पडतं, आणि त्या ऑक्साइडचा जोड अंशाला 1,000 मायक्रोव्होल्टपर्यंत जातो. दर आधी व्हॉट्सअ‍ॅपवर कळवला होता. खाली ‘ओके’ तुमचंच आहे.

आमच्या तांब्याच्या लीडवर (मोजणीच्या वायरवर) रीडिंग स्थिर होतं, तुम्ही पाहिलंत. मग खिशातून स्वतःच्या लोखंडी क्रोकोडाइल क्लिपा काढून बोटांत धरून लावल्यात, तेही पंख्याखाली. लोखंड-तांब्याचा जोड पितळेपेक्षाही वाईट. आमचा पोरगा म्हणाला, क्लिपा जरा निवू द्या, करंट उलटा करून दुसरं रीडिंग घ्या, दोन्हींची सरासरी धरा. त्यावर ‘मला शिकवू नका’ म्हणालात. हे मात्र रिव्ह्यूत आलं नाही.

असो. यापुढे बिलावर धातूचं नाव लिहायचं बघतो, काउंटरवरच्या पंख्याचंही काहीतरी करू. गणपतीचे दिवस सोडून कधीही मीटर घेऊन या, तपासणीचे पैसे घेणार नाही. लीड आमच्या वापरू. क्लिपा तेवढ्या घरी ठेवा.