गणिताच्या तासाला मुलांवर शिक्के मारू नका

बेळगाव-खानापूर-निपाणी भागातल्या पालकांच्या ग्रुपवर एक मजकूर जोरात फिरतोय. प्रत्येक मूल दृश्य, श्राव्य किंवा कृतिशील असतं, म्हणजे बघून, ऐकून किंवा हाताने करून शिकणारं. आठवीतच चाचणी घेऊन शिकण्याची ही शैली ओळखा, गणित त्याच शैलीने शिकवा, मग दहावीत कोणी अडणार नाही. आणि म्हणे हे सगळं विज्ञानाने सिद्ध झालंय.

झालेलं नाही. 2008 साली पॅशलर, मॅकडॅनियल, रोहरर आणि ब्यॉर्क या चार मानसशास्त्रज्ञांनी यावरचं संशोधन तपासलं. दावा खरा असेल, तर दृश्य मुलांना चित्रांतून आणि श्राव्य मुलांना ऐकण्यातून जास्त यायला हवं. हे नीट पडताळणारे अभ्यास मोजकेच सापडले, आणि त्यांतले बरेच दाव्याच्या उलट निघाले.

शैली तीनच, हेही कोणी ठरवलेलं नाही. 2004 मधल्या एका ब्रिटिश आढाव्यात शैली ठरवणारी 71 वेगवेगळी प्रारूपं, म्हणजे वर्गीकरणं, मोजली होती. शिवाय या चाचण्या विचारतात आवड. आवडतं त्या पद्धतीनेच जास्त येतं, हे कुठून आलं?

गणितात तर हे आणखीच अडतं. राजहंसगडाच्या पायथ्यापासून ठरावीक अंतरावर उभं राहिल्यावर बुरुजाचं टोक 30 अंशांच्या कोनात दिसतं, तर उंची किती? इथे ‘श्राव्य’ मुलीलाही काटकोन त्रिकोण काढावाच लागतो आणि ‘दृश्य’ मुलालाही टॅन 30 ची किंमत मांडून आकडेमोड करावीच लागते. आकृती हवी की समीकरण, हे मुलाचा स्वभाव नाही, गणित ठरवतं. नुसतं फळ्यावर उतरवून देणं पुरत नाही, ही मजकुरातली तक्रार मात्र रास्त आहे. पण मग आकृती, बोलणं, कागदाची घडी हे सगळं सगळ्यांनाच द्या.

‘करून बघायला काय जातंय?’ जातं. चौदा वर्षांच्या पोराला ‘तू कृतिशील’ म्हटलं की बीजगणित टाळायला त्याला आयतं कारण मिळतं. या वयात शिक्का लवकर चिकटतो, आणि शिक्का शिक्षकाने मारलेला असेल तर घरचेही तो पुसत नाहीत.

मुलांना अभ्यासाची पद्धत जरूर शिकवा, पण जिला पुरावा आहे ती. वर उल्लेख केलेल्या रोहरर यांनी टेलर यांच्यासोबत 2007 मध्ये कॉलेजच्या विद्यार्थ्यांना घनफळाची गणितं दिली. एका प्रकारची सगळी सलग सोडवणाऱ्यांना आठवड्यानंतर 20 टक्के जमली, सरमिसळ सोडवणाऱ्यांना 63 टक्के. सरावाच्या वेळी मात्र सलगवालेच पुढे होते, म्हणून सरमिसळीची पद्धत मुलांना पटत नाही. सुरुवातीला कुरकुर होणारच. गृहपाठात दोन गणितं त्रिकोणमितीची, एक अंकगणिती श्रेढीचं, एक घनफळाचं द्या आणि कुठलं कोणत्या प्रकरणातलं ते लिहू नका.