इव्हान टॅनर वाळवंटात मरायला गेला नव्हता

सप्टेंबर आला की यूएफसी या मिश्र मार्शल आर्ट्स लढतींच्या स्पर्धेचा मिडलवेट वजनगटातला माजी विजेता इव्हान टॅनर याच्या आठवणींच्या पोस्ट फिरू लागतात. त्यासोबत एक दावाही हमखास येतो : तो जीव द्यायलाच वाळवंटात गेला होता. हे खरं नाही.

२००८ साली तो कॅलिफोर्नियातल्या पालो व्हर्डे या वाळवंटी भागात मोटरसायकलवरून एकट्याने तळ ठोकायला गेला. गाडीतलं पेट्रोल संपलं, जवळचं पाणीही. त्याने मित्राला मेसेज केला : चालत तळावर परततोय, उद्यापर्यंत निरोप आला नाही तर यंत्रणेला कळवा. मरायला निघालेला माणूस असा निरोप कशाला ठेवेल? त्या दिवसांत पारा ११८ फॅरनहाइटला, म्हणजे जवळपास ४८ सेल्सिअसला टेकला होता. ८ सप्टेंबरला हेलिकॉप्टरमधून त्याचा मृतदेह दिसला. कारण नोंदलं गेलं ते उष्माघाताचं. वय ३७.

गंमत म्हणजे, तो वाळवंटात मरेल अशी चर्चा तो तिथे जाण्याआधीच सुरू झाली होती आणि त्यानेच ती लिहून खोडून काढली होती : दक्षिण कॅलिफोर्नियात लोक वाळवंटात सर्रास जातात. दारूशी त्याची झुंज खरी होती. पण तिचा धागा इथे ओढून जोडणं ही निव्वळ कल्पनाशक्ती.