गादीचं पूर्ण तिकीट

स्वप्नात मी स्वारगेटला उभा होतो. डोक्यावर सुतळीने बांधलेली कापसाची गादी. कंडक्टर म्हणाला, "गादीचं पूर्ण तिकीट पडेल."

"अहो, सामान आहे."

"सामान बसतं. ही झोपणार. पूर्ण." मग त्याने विचारलं, "कुठली गादी? सातारची की कोल्हापूरची?"

उत्तर सुचेना. मागची रांग ओरडायला लागली. गादी जड जड होत चालली आणि तिचं पाणी कॉलरीतून पाठीवर उतरू लागलं. दचकून उठलो तर पाच वाजलेले.

आता पंचाईत. आमच्याकडे नियम असा, की चांगलं स्वप्न पडलं तर पुन्हा झोपायचं नाही, फळ जातं. वाईट पडलं तर कूस बदलून खुशाल झोपायचं. माझं स्वप्न कुठल्या खात्यात टाकायचं? तिकिटाचे पैसे गेले नव्हते, म्हणजे चांगलं. पाठ भिजली होती, म्हणजे वाईट. हिशेब लागेपर्यंत सहा वाजले.

चहाच्या वेळी स्वप्न सांगितलं, ही पहिली चूक. आईने आधी वेळ विचारली. पहिल्या प्रहरातलं स्वप्न फळायला वर्ष घेतं, पहाटेचं दहा दिवसांत दारात हजर. "पाचचं म्हणजे आलंच म्हण," ती म्हणाली. काय येणार, ते सांगेना.

बाबा इतिहासाचे निवृत्त शिक्षक. गादी म्हटलं की त्यांना कापूस दिसतच नाही. "1731, वारणेचा तह," बशीत चहा ओतत ते म्हणाले, "एक गादी सातारला, एक कोल्हापूरला. तुला सत्तायोग आहे." आमच्या आवाक्यातली सत्ता म्हणजे सोसायटीचं चेअरमनपद. दुसरं कुणी घ्यायला तयार नाही म्हणून ते वर्षानुवर्षं एकाच गृहस्थांच्या गळ्यात आहे.

दुसरी चूक मोबाइलवर शोधण्याची. आर्टेमिडोरस नावाचा ग्रीक स्वप्नपंडित दुसऱ्या शतकातच सांगून गेलाय, की स्वप्नातलं अंथरूण म्हणजे बायको. हे मी मोठ्याने वाचलं.

"म्हणजे मी डोक्यावर बसलेय?" बायको म्हणाली. "आणि जड झालेय?"

ग्रीक माणूस मदतीला येईना. मी खिडकीकडे पाहिलं. आई म्हणाली, "रात्री वळीव काय कोसळला ना!"

मग कुणीच काही बोललं नाही. लग्नाच्या पाहुण्यांसाठी माळ्यावरून काढलेल्या दोन गाद्या काल गच्चीत उन्हाला टाकल्या होत्या. 'उन्हं उतरली की खाली आण' हे मला तीनदा सांगितलं होतं. दोनदा मी 'हो' म्हणालो होतो.

कापसाची गादी ओली झाली की तिच्यात आणि म्हशीत फरक एवढाच, की म्हैस स्वतः चालते. टाक्याटाक्यात डबकं साठलेलं. कोपरा उचलला की आतला कापूस ढेकळासारखा दुसऱ्या टोकाला घरंगळायचा आणि तिथून बाबांच्या पायावर पिचकारी. पाणी निथळायला कठड्यावर टाकावी, तर खालच्या मजल्यावरून हाक आली, "काका, पापड वाळत घातलेत!"

शेवटी एक गादी घेऊन जिना उतरायला लागलो. पुढे मी, मागे बाबा, मध्ये ती. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर ती अडकली. ना वर, ना खाली. माझ्या कॉलरीतून पाणी पाठीवर उतरू लागलं.

नेमके चेअरमन दुधाची पिशवी घेऊन वर येत होते. जिना भिजवल्याबद्दल काहीतरी सुनवायला त्यांनी तोंड उघडलं, पण आधी विचारलं, "गादी कुठं निघाली?"

गादीमागून बाबांचा दबलेला आवाज आला, "सातारला."