पासवर्डमधल्या चिन्हांचा दोष कर्लचा नाही

‘कर्लला विशेष चिन्हांचे पासवर्ड चालत नाहीत, म्हणून एफटीपीचा पासवर्ड साधा ठेवा’ असा सल्ला फिरतोय. (कर्ल, म्हणजे curl, हे कमांड लिहून फाइली पाठवण्या-आणण्याचं साधन; एफटीपी ही फाइली पाठवण्याची एक पद्धत.) तो चुकीचा आहे आणि धोक्याचाही. कृपया त्यापायी चांगला पासवर्ड कमकुवत करू नका.

खरी गडबड कर्लच्या आधी, शेलमध्ये, म्हणजे तुमची कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये होते. समजा पासवर्ड आहे आंबा$24. बॅश या शेलमध्ये तो तसाच टाकला, तर शेल $2 हे व्हेरिएबल (किंमत साठवणारं नाव) समजतो आणि त्याजागी त्याची किंमत घालतो. ते रिकामं असतं, त्यामुळे कर्लच्या हाती पडतो आंबा4. सर्व्हर लॉगिन नाकारणारच! दुहेरी अवतरणातही हेच होतं. एकेरी अवतरणात 'आंबा$24' लिहा, अक्षर न् अक्षर शाबूत पोचतं. (विंडोजच्या सीएमडीत, म्हणजे तिथल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये, मात्र एकेरी अवतरण चालत नाही, तिथे दुहेरीच.)

पासवर्ड यूआरएलमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या पत्त्यातच घालत असाल तर नियम वेगळा: @ ऐवजी %40, # ऐवजी %23, आणि खुद्द % साठी %25. हेच रूपांतर युजरनेम-पासवर्ड देण्याच्या -यू (-u) पर्यायात करू नका, तिथे %40 जसंच्या तसं पाठवलं जातं. पण मुळात पासवर्ड कमांडमध्ये लिहूच नये, तो शेलच्या हिस्टरीत (आधीच्या कमांडच्या यादीत) राहतो. -यू नंतर फक्त युजरनेम द्या, कर्ल पासवर्ड स्वतः विचारतो.